दिडकीचा हिशेब

रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी आमच्या बार्शी भागात साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर असा महिना सांगितला जातो. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हाती त्यातले चार-पाच दिवसच येतात. काळ्या भारी जमिनीत पाऊस पडून गेला की आधी चिखल असतो, पुढे कडक ढेकळे होतात, आणि या दोहोंच्या मध्ये थोडे दिवस असे येतात की मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा होतो, पण बोटाने टोचला की तो भुसभुशीत फुटतो. त्याला वाफसा म्हणतात. गेल्या वर्षी हस्ताच्या दोन चांगल्या सरींनंतर बुधवारी असा वाफसा आला, आणि बुधवारीच सकाळी आमचा ट्रॅक्टर रानाच्या मधोमध बंद पडला.

हा ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांनी 1984 साली घेतलेला आहे. तीन सिलिंडर, 35 हॉर्सपॉवर, रंग एकेकाळी लाल. कोणत्या कंपनीचा हे मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता, आणि नाव सांगितले की लोक गोष्ट सोडून कंपनीवर बोलू लागतात. मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले. यजमान असतानाही शेतीची वही माझ्याकडेच होती. ते गेल्यावर स्टिअरिंगही माझ्याकडे आले. त्या वहीत मी डिझेल किती भरले, ट्रॅक्टर कधी चालू केला आणि कधी बंद केला, याची नोंद ठेवते. एकरी किती डिझेल लागते हे कळावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. घरातले या सवयीला हसतात.

एरवी मी कॅनमधून दहा-बारा लिटर डिझेल आणून टाकीत घालते आणि तेवढ्यात काम भागते. पेरणी मात्र मध्येच थांबवून डिझेलसाठी बार्शी गाठावी लागू नये म्हणून मंगळवारी संध्याकाळी 45 लिटरची टाकी काठोकाठ भरून ठेवली. बुधवारी सकाळी ट्रॅक्टर एका सेल्फला चालू झाला. पेरणी यंत्रात मालदांडीचे बियाणे भरले, पहिली तासे ओढली, आणि चौथ्या फेऱ्याला इंजिनाला धाप लागल्यासारखे झाले. आवाज खाली गेला, पुन्हा थोडा वर आला, आणि ट्रॅक्टर थांबला. वहीत नोंद आहे : 20 मिनिटे. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी तो चालू होईना.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच उभा आहे. रुडॉल्फ डीझेलने 1890च्या दशकात जी कल्पना प्रत्यक्षात आणली, ती अशी की हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी. आमच्यासारख्या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत सोडला की तो स्वतःच पेटतो. म्हणजे चालू होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात : सेल्फने इंजिन जोरात फिरवावे, दाब टिकावा, आणि डिझेल वेळेवर पोहोचावे. सेल्फ खणखणीत फिरत होता. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरे क्षार नव्हते. स्टॉपची ओढणी पूर्ण आत गेलेली होती. ती अर्धवट अडकली की पंप डिझेल सोडत नाही आणि माणूस उगाच तासभर इंजिनाकडे बघत बसतो, हा अनुभव मी एकदा घेतला आहे. मग मी सायलेन्सरकडे पाहिले. सेल्फ मारताना पांढरा धूर निघाला असता तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, असे म्हणता आले असते. धूर अजिबात नव्हता. डिझेल वरपर्यंत येतच नव्हते.

शेजारच्या बांधावरून आबा आले. आमच्या शिवारात आबांइतके जुने ट्रॅक्टर कुणी हाताळलेले नाहीत, त्यामुळे त्यांचा शब्द मोठा. कानांनी मात्र अलीकडे ते अधू झाले आहेत. “डिझेल संपलं आसंल,” असे म्हणत त्यांनी प्रथम टाकीचे झाकण उघडले, आत बोट बुडवून पाहिले, आणि झाकण परत लावले. मग म्हणाले, “हवा धरलीय यानं.”

हवा धरणे हा शब्द आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीमुळे पोराटोरांनाही ठाऊक आहे. सक्शन पाइपाला कुठे चीर पडली की मोटार फिरते, पण पाणी येत नाही. ट्रॅक्टरच्या पंपाचेही तसेच, फक्त तिथे दाब फार मोठा असतो. जुन्या ट्रॅक्टरांच्या नोझल साधारण 175 ते 200 बार दाबाला उघडतात, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोनशे पट. द्रव दाबला जात नाही म्हणून पंपाचा धक्का नळीतून थेट नोझलपर्यंत पोहोचतो. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंप तो बुडबुडाच दाबत राहतो आणि नोझल मिटलेलीच राहते. आबांनी फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला केला आणि मी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची दांडी हाताने मारू लागले. स्क्रूच्या कडेने आधी फेस आला, मग फेस आणि डिझेल, मग नुसते स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला, पंपावरचाही एक तसाच करून आवळला, सेल्फ मारला, आणि ट्रॅक्टर गरजला. आबा काहीही न बोलता तंबाखू मळत बांधाकडे गेले. बोलण्याची गरजच नव्हती.

ट्रॅक्टर 31 मिनिटे चालला.

दुपारी पुतण्या मोटारसायकलवर बार्शीला जाऊन दोन्ही फिल्टर आणि तांब्याचे वायसर घेऊन आला. त्याचे म्हणणे योग्यच होते : हवा काढली आणि ती पुन्हा शिरली, तर शिरण्याची जागा बंद करायला हवी. टाकीपासून फीड पंपापर्यंत जेवढे जोड होते त्यांचे सगळे वायसर त्याने बदलले. जुने वायसर खरोखरच चेपून कडक झालेले होते. फिल्टर काढताना वाटीत जमा झालेले डिझेल त्याने फडक्यातून गाळून टाकीत परत ओतले, कारण घरात डिझेल सांडलेले मला चालत नाही हे त्याला माहीत आहे. त्याच्या कानात मोबाइलच्या वायरी होत्या आणि तो गाणे गुणगुणत होता. या वेळी ट्रॅक्टर 46 मिनिटे चालला.

इथे मी एक कबुली देते. आम्ही निराश व्हायला हवे होते, तसे झालो नाही. 20, 31, 46 असे आकडे पाहून आम्हाला वाटले की आपण योग्य दिशेने चाललो आहोत, दोष थोडा थोडा कमी होतो आहे, आता शेवटचे एकच काहीतरी राहिले आहे. माणूस दर खेपेला थोडा अधिक वेळ उठून बसू लागला की घरातल्यांना औषध लागू पडल्यासारखे वाटते. आबांना वाटले की हवा काढण्याने निम्मे काम झाले. पुतण्याला वाटले की वायसरांनी. मला दोघांचेही पटत होते. पंचवीस वर्षे मुलांना प्रयोग शिकवताना ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ असे मी ओरडून सांगत असे, आणि इथे दोन फिल्टर आणि डझनभर वायसर एकदम बदलल्यावर आनंदाने चहा टाकला होता.

गुरुवारचा अर्धा दिवस नोझलांनी खाल्ला. तिन्ही नोझल काढून तालुक्याच्या गावी पंपवाल्याकडे नेल्या. तिथे त्या हातपंपाच्या यंत्राला लावून फवारा कसा पडतो ते पाहतात : चांगली नोझल धुक्यासारखा फवारा सोडते आणि आवाज करते, खराब झालेली थेंब गाळते. आमची एक नोझल गाळत होती, तिची सुई आणि टोक बदलले. बसवायला तिथलाच एक कारागीर आमच्याबरोबर आला. त्याने टाकीच्या तळाशी कचरा तर नाही ना, हे पाहण्यासाठी झाकण उघडून आत तार फिरवली. त्या वेळी शेजारी भाड्याने आणलेला दुसरा ट्रॅक्टर आमच्याच रानात धडधडत होता, कारण वाफसा कुणासाठी थांबत नाही आणि मी दोन एकरांची पेरणी भाड्याने करून घ्यायचे ठरवले होते. नोझल बसल्या, इंजिनाचा आवाज पूर्वीपेक्षा गोड झाला, आणि ट्रॅक्टर 68 मिनिटे चालला. मग त्याला तीच धाप लागली.

कारागिराने आता मुख्य पंपाकडे बोट दाखवले. पंप उतरवून कॅलिब्रेशनला द्यावा लागेल, चार दिवस जातील, आणि आतले एलिमेंट गेले असतील तर खर्च मोठा. या पंपातले दट्टे आणि त्यांच्या नळ्या एकमेकांत इतक्या घट्ट बसवलेल्या असतात की त्यांमधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश एवढीच असते. डिझेलमध्ये पाणी किंवा धूळ गेली की तेच प्रथम मरतात. म्हणजे त्याचे म्हणणे अशक्य नव्हते. तरीही त्याला मी ‘उद्या सांगते’ म्हणाले, आणि रात्री आमच्या जुन्या मिस्त्रीला फोन लावला.

हा मिस्त्री माझा विद्यार्थी. त्या वेळी तो धाराशिवकडच्या (पूर्वीच्या उस्मानाबादकडच्या) रानांत ट्रॅक्टरांच्या मागे फिरत होता आणि रविवारच्या आत येणे त्याला शक्य नव्हते. त्याने ट्रॅक्टरविषयी काही विचारण्याआधी, कुणी काय काय केले हे पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता सांगायला लावले. मी वही काढून वाचत गेले. मिनिटांचे आकडे आले तेव्हा त्याने ते पुन्हा विचारले. “वाढत चाललंय,” मी म्हणाले, “म्हणजे सुधारतंय ना?” तो म्हणाला, “बाई, वाढतंय म्हणजे बरं होतंय असं नव्हं. वाढतंय काय, ते बघा. आणि पंपाला हात लावू देऊ नका.” तेवढ्यात त्याला पलीकडून कुणी हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी वही उघडी ठेवून बसले. 20, 31, 46, 68. लहानपणी आजोबांनी पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा आणि दीड यांचे पाढे, पाठ करून घेतले होते; तेव्हा तो छळ वाटे. विसाची दीडपट तीस. एकतिसाची साडेशेहेचाळीस. शेहेचाळिसाची एकोणसत्तर. प्रत्येक वेळ आधीच्या वेळेच्या दीडपट होती. आबांची हवा, पुतण्याचे वायसर आणि पंपवाल्याच्या नोझल हे तीन वेगळे उपाय तीन वेगळ्या माणसांनी केले आणि तिन्हींनी बरोबर दीडपटच गुण दिला, हे कोणत्याही औषधाला शक्य नाही. उपायांचा त्याच्याशी संबंध नव्हता. दुसरेच काहीतरी दर खेपेला दीडपट होत होते.

ट्रॅक्टर चालत असताना काय कमी होते? डिझेल. मग काय वाढते? टाकीतली रिकामी जागा. पेरणीला आमचा ट्रॅक्टर तासाला साधारण 3 लिटर डिझेल पितो. पहिल्या 20 मिनिटांत 1 लिटर गेले. काठोकाठ म्हटली तरी टाकीच्या वरच्या पत्र्याखाली लिटर-दोन लिटर पोकळी राहतेच. ती 2 लिटर धरली तर 1 लिटर गेल्यावर 3 लिटर झाली, म्हणजे दीडपट. पुढच्या खेपेला 3 चे साडेचार व्हायला दीड लिटर जावे लागेल, आणि दीड लिटराला लागतात 30 मिनिटे. साडेचाराचे पावणेसात व्हायला 45. मग 67. माझी पेन्सिल थांबली ती या आकड्यावर.

बंद जागेतल्या हवेची जागा दीडपट केली की तिचा दाब दोन-तृतीयांश होतो. रॉबर्ट बॉइलने हे 1662 साली प्रसिद्ध केले, आणि शिकवताना मी ते कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले आहे. त्याहून लाजिरवाणे म्हणजे हे कळण्यासाठी बॉइलचीही गरज नव्हती. गोडेतेलाचा डबा फोडताना आमच्या घरची कुणीही बाई एक भोक पाडून थांबत नाही. समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडते, कारण हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. टाकीला हे दुसरे भोक झाकणात असते.

टॉर्च घेऊन मी एकटीच रानात गेले. सगळे सामसूम होते. झाकण फिरवताच टाकीने ‘हुश्श’ करून हवा आत ओढली, इतकी लांब की मी दचकले, आणि पाठोपाठ आत दबलेला पत्रा ‘टण्’ करून जागेवर आला. हाच आवाज याआधी तीनदा झाला असणार. पहिल्या वेळी झाकण आबांच्या हातात होते, दुसऱ्या वेळी कानात वायरी घातलेल्या पुतण्याच्या, आणि तिसऱ्या वेळी शेजारी दुसरा ट्रॅक्टर चालू होता.

झाकणाच्या माथ्यावर पत्र्याची एक लहान टोपी असते आणि तिच्या खालच्या खोबणीत हवेचे छिद्र. ती खोबण वाळलेल्या मातीने बुजली होती. मी दाभणाने ती फोडली तेव्हा मातीबरोबर एक सुकलेली हिरवट अळी बाहेर आली. ते कुंभारीण माशीचे काम होते. ही माशी ओल्या मातीचे घर करते, त्यात बेशुद्ध केलेल्या अळ्या ठेवते, आपल्या पिलांची शिदोरी म्हणून, आणि तोंड लिंपून निघून जाते. पावसाळ्यात ट्रॅक्टर छपराखाली उभा होता तेव्हा तिला ही तयार खोबण आवडली असावी. माणसांच्या यंत्रांतली भोके या जातीच्या माशांना आवडतात, आणि त्याची किंमत कधी फार मोठी असते : 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेले एक बोइंग 757 विमान वेग मोजणारी नळी बुजल्यामुळे समुद्रात कोसळले आणि त्यातले सर्व 189 जण गेले; ती नळी अशाच एखाद्या माशीच्या मातीने बुजली असावी, असा तपासाचा संशय होता. माझे तर दोन दिवसच गेले होते.

पण माशीला सगळा दोष देता येत नाही. ऑगस्टमध्ये टाकीत पावसाचे पाणी झिरपते म्हणून झाकणाखालचे झिजलेले रबर मीच पुतण्याकडून बदलून घेतले होते. ते झिजलेले असते तर छिद्र बुजूनही कडेने हवा शिरली असती आणि कुणाला काही कळलेही नसते. आणि टाकी नेहमीप्रमाणे पाव भरलेली असती, तर वरची तेहतीस-चौतीस लिटर हवा दीडपट व्हायच्या आत डिझेलच संपले असते. डिझेल घालायला झाकण उघडले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. नवे रबर, माशीची माती आणि काठोकाठ टाकी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या बुधवारी सकाळी. म्हणून ट्रॅक्टर ‘अचानक’ बंद पडला असे आम्हाला वाटले.

शुक्रवारी पहाटे एकदा हवा काढून ट्रॅक्टर चालू केला तो अंधार पडेपर्यंत बंद केला नाही. जेवणही बांधावर आणून खाल्ले, कारण त्याला थांबवायचे धैर्य मला होत नव्हते. राहिलेल्या पाच एकरांपैकी साडेतीन एकर वाफशावर साधले. दीड एकरात ढेकळे झाली आणि तिथली उगवण विरळ आली. तो तुकडा डिसेंबरमध्ये दुरूनही ओळखू येत होता.

रविवारी मिस्त्री आला, झाकण हातात घेऊन फुंकर मारून पाहिली, आणि चहा पिऊन गेला. पंपवाल्याच्या कारागिराला फोन करून सांगितले, तर तो म्हणाला की गाळणारी नोझल आज ना उद्या बदलावीच लागली असती, आणि ते खोटे नव्हते. राहिले आबा. त्यांना मी टाकी, माशी, तेलाचा डबा आणि दिडकी असे सगळे मोठ्याने, दोनदा, समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते समदं खरं. पर हवा धरली व्हती का नव्हती?” धरली होती. टाकीतला दाब उतरल्यावर फीड पंप जोराने ओढू लागे आणि जिथे वायसर कडक झालेला तिथून बाहेरची हवा नळीत शिरे. तो फेस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो काढल्याशिवाय ट्रॅक्टर एकदाही चालू झाला नव्हता. मी मान हलवली. आबा तंबाखू मळत बांधाकडे निघाले.